हेलिकॉप्टरवाहू जहाज कोणतें?

मुंबई बंदर हें जिचें जवळजवळ तीस वर्षें घर होतें, त्या ‘विराट’ या युद्धनौकेचें चरित्र पाहिलें असतां एक मोठी चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. इंग्लंडांत बॅरो येथील व्हिकर्स-आर्मस्ट्राँग यांच्या कारखान्यांत १९४४ सालीं तिच्या बांधणीस आरंभ झाला. १९५३ सालीं ती पाण्यांत उतरली. आणि १९५९ च्या नोव्हेंबरांत ‘हर्मिस’ या नांवानें ब्रिटिश आरमारांत दाखल झाली. त्या वेळीं ती विमानवाहू नौका होती. १९७३ सालीं तीच नौका कमांडो सैनिक व त्यांचीं हेलिकॉप्टरें वाहून नेणारी झाली. पुढें तीनचार वर्षांनीं पाणबुड्यांचा शोध घेणें हें तिचें मुख्य काम ठरलें. १९८१ सालीं तिच्या पुढच्या टोंकावर एक चढण बांधण्यांत आली, व आखूड धांव घेऊन उडणारीं सी हॅरियर विमानें तिच्यावर आलीं; म्हणजे ती पुन्हां विमानवाहू झाली. १२ मे १९८७ रोजीं ती ‘विराट’ या नांवानें भारतीय नौदलांत आली. सांगाडा एक, पोलाद एक, इंजिनें तींच. पण तीस वर्षांच्या आंत तिची जात तीन वेळां बदलली. मग जहाजाची जात ठरते ती कशावरून? हेलिकॉप्टरवाहू जहाज म्हणून जें म्हणतात तें नक्की कोणतें?

हा प्रश्न वरवर पाहतां निव्वळ शब्दांचा खेळ वाटेल. परंतु या शब्दांवर राष्ट्राराष्ट्रांतील तह अवलंबून राहिले आहेत, कोट्यवधि रुपयांचे खर्च मंजूर अथवा नामंजूर झाले आहेत, आणि समुद्रावरील शेंकडों खलाशांच्या जीविताचाहि या प्रश्नाशीं संबंध आला आहे. म्हणून त्याचा विचार जरा शांतपणें करणें अवश्य आहे.

आपल्या जुन्या तर्कशास्त्रानें अशा विचारासाठीं एक उत्तम साधन देऊन ठेविलें आहे. कोणत्याहि वस्तूचें लक्षण सांगतांना तीन दोष टाळावे, असें नैयायिक सांगतात. ज्याला शिंगें ती गाय, असें म्हटल्यास म्हैसहि गाय ठरते, ही अतिव्याप्ति. जी कपिल वर्णाची ती गाय, असें म्हटल्यास पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. आणि जिला एकच खूर ती गाय, असें म्हटल्यास जगांतील एकहि गाय त्यांत बसत नाहीं, हा असंभव. हेलिकॉप्टरवाहू जहाजाचें लक्षण करतांना मोठमोठ्या आरमारांच्या तज्ज्ञांनाहि यांतील पहिल्या दोन दोषांनीं वारंवार गांठलें आहे.

जहाजांची वर्गवारी ही कांहीं पाश्चात्यांची नवी कल्पना नव्हे. मराठ्यांच्या आरमारांत गुराबा, गलबतें, शिबाडें, मचवे, तरांडीं असे अनेक प्रकार होते, व त्यांचीं नांवें त्यांच्या कामावरून आणि घडणीवरून ओळखलीं जात. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचें, जड तोफा वाहणारें जहाज. गलबत म्हणजे त्याहून पुष्कळ लहान, चाळीसपन्नास वल्ह्यांवर चालणारें चपळ वाहन. गुराबेनें तोफांचा मारा करावा आणि गलबतांतील लोकांनीं शत्रूच्या जहाजावर चढून हातघाईची लढाई द्यावी, अशी कामाची वांटणी असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार थोर नकोत व फार लहानहि नकोत, मध्यम रीतीच्या असाव्या. वाऱ्यावांचून जीं चालत नाहींत असलीं अवजड जहाजें उगीच बांधूं नयेत. पांच गुराबा व पंधरा गलबतें मिळून एक सुभा करावा, असें त्यांत सांगितलें आहे. यांतील मर्म असें कीं, जहाज किती मोठें हा प्रश्न दुय्यम. तें कोणत्या कामासाठीं आहे आणि सोबतच्या इतर जहाजांशीं त्याचा मेळ कसा बसतो, हा प्रश्न मुख्य.

१६७९ सालच्या घडामोडींत याचें प्रत्यंतर मिळतें. त्या वर्षीं मुंबईच्या तोंडाशीं असलेल्या खांदेरी बेटावर शिवाजीमहाराजांनीं तटबंदी सुरू केली. इंग्रजांनीं ‘रिव्हेंज’ आदि जहाजें पाठवून बेटाची नाकेबंदी केली. परंतु वारा पडला असतांहि वल्ह्यांच्या जोरावर जाणारीं मराठ्यांचीं गलबतें मोठ्या जहाजांना चुकवून बेटावर सामान पोंचवीत राहिलीं. ऑक्टोबर महिन्यांत दौलतखानाच्या आरमाराशीं इंग्रजांची लढाई झाली, तींत ‘डोव्हर’ ही इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हातीं लागली. ‘रिव्हेंज’ मात्र तोफांच्या बळावर टिकून राहिली. लहान वाहनाचें काम लहान वाहनानें केलें, मोठ्याचें मोठ्यानें. आणि ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, खांदेरीचा हा झगडा चालू असतांनाच, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत, समुद्रापासून शेंकडों मैल आंत असलेल्या जालना या संपन्न पेठेवर महाराजांची स्वारी झाली. परततांना संगमनेराजवळ रणमस्तखानाशीं निकराची लढाई होऊन सिधोजी निंबाळकर पडले, आणि बहिर्जी नाईकानें आडवाटेनें महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलें. ज्या राज्याचा घोडा जालन्यापर्यंत दौडत होता, त्याच राज्याचें वल्हें खांदेरीपाशीं चालत होतें. समुद्राचा विचार हा केवळ कोंकणपट्टीचा विचार आहे, असें मराठवाड्यांतील जालना जिल्ह्यासारख्या मुलखानें मानण्याचें कारण नाहीं, हें या एका वर्षावरून दिसून येतें.

आतां आधुनिक काळाकडे वळणें योग्य होईल. पहिल्या महायुद्धानंतर १९२२ सालीं वॉशिंग्टन येथें प्रमुख आरमारी राष्ट्रांचा तह झाला, व त्यांत विमानवाहू नौकेची व्याख्या प्रथमच कागदावर उतरली. दहा हजार टनांहून अधिक भाराचें, विमानें वाहून नेणें या विशिष्ट व एकमेव हेतूनें बांधलेलें, आणि ज्यावरून विमान उडूं शकतें व ज्यावर तें उतरूं शकतें असें लढाऊ जहाज, असा तिचा आशय होता. १९३६ सालीं माँत्र्यो येथें काळ्या समुद्राच्या सामुद्रधुनींविषयीं जो तह झाला, त्यानें एक पाऊल पुढें टाकलें. एखाद्या युद्धनौकेवर विमान उतरण्याचा तक्ता बसविला एवढ्यानें ती विमानवाहू होत नाहीं. विमानें नेणें व चालविणें हाच तिच्या बांधणीचा मुख्य हेतु असला पाहिजे, असें त्यांत स्पष्ट केलें. या दोन्ही व्याख्या झाल्या तेव्हां आरमारांत हेलिकॉप्टर नव्हतें. त्यामुळें पुढें तें आलें तेव्हां या जुन्या चौकटींत त्याला बसवावें कोठें, हा पेंच उत्पन्न झाला.

हेलिकॉप्टराची खरी विशेषता अशी कीं, त्याला धांवपट्टी लागत नाहीं. विमानवाहू नौकेवरून नेहमींचें जेट विमान उडवावयाचें तर वाफेच्या जोरावर त्याला फेंकणारें यंत्र लागतें, व उतरतांना त्याचा आंकडा अडकविण्यासाठीं तक्त्यावर आडव्या पोलादी तारा ताणाव्या लागतात. हेलिकॉप्टरास यांपैकीं कांहींच नको. एक सपाट चौक मिळाला कीं पुरे. म्हणून ज्या जहाजावर विमान उतरविण्याची कल्पनाहि करतां येत नाहीं, अशा जहाजावर हेलिकॉप्टर सुखानें राहूं शकतें. येथूनच घोंटाळ्यास प्रारंभ होतो.

हेलिकॉप्टरांचा समुद्रावरून मोठ्या प्रमाणावर लढाऊ उपयोग प्रथम १९५६ सालीं सुएझच्या संघर्षांत झाला. त्या वर्षाच्या ६ नोव्हेंबरास ‘ओशन’ व ‘थीसिअस’ या दोन ब्रिटिश जहाजांवरून उडालेल्या हेलिकॉप्टरांनीं चारशेंहून अधिक सैनिक सुमारें दीड तासांत पोर्ट सैद येथें उतरविले. किनाऱ्यावर होड्या लावून, गुडघाभर पाण्यांतून चालत जाण्याची जुनी रीत तेथें बाजूस राहिली. हा धडा लगेच गिरविला गेला. ब्रिटिशांनीं ‘बुल्वर्क’ व ‘अल्बिअन’ या विमानवाहू नौकांचें रूपांतर कमांडो-वाहू नौकांत केलें. अमेरिकेनें १९६१ सालीं ‘इवो जिमा’ हें जहाज सैन्य आणि हेलिकॉप्टरें नेण्यासाठींच मुद्दाम बांधून दाखल केलें. ‘हर्मिस’चें १९७३ सालचें रूपांतर याच मालिकेंतील होय. तिच्यावरील विमान फेंकण्याचीं यंत्रें व अडकविण्याच्या तारा त्या वेळीं काढून टाकण्यांत आल्या. तारा निघाल्या त्या दिवशीं तिची जात खरोखर बदलली. तिच्यावर काय रंगविलें होतें अथवा कागदोपत्रीं काय लिहिलें होतें याला गौण महत्त्व.

हेलिकॉप्टराचें दुसरें मोठें काम पाणबुडीचा शोध घेण्याचें. पाण्याखालीं दडलेली पाणबुडी डोळ्यांस दिसत नाहीं. ती ध्वनीच्या लहरींवरून ओळखावी लागते. जहाज स्वतःच तो शोध घेऊं लागलें तर त्याच्या इंजिनाचा आवाज पाणबुडीस दुरून कळतो, आणि शोधणाराच सांवज होऊन बसतो. हेलिकॉप्टर मात्र जहाजापासून दूर जाऊन, पाण्यावर एका जागीं स्थिर राहून, लांब दोरानें ध्वनियंत्र पाण्यांत सोडतें, ऐकतें, तें वर ओढून घेऊन दुसऱ्या जागीं जातें व पुन्हां ऐकतें. पाणबुडीला त्याच्यावर जलास्त्र सोडतां येत नाहीं. सी किंग जातीचीं हीं हेलिकॉप्टरें भारतीय नौदलांत १९७१ सालीं आलीं.

त्याच वर्षाच्या ९ डिसेंबरास दीवच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रांत ‘खुकरी’ ही फ्रिगेट पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीनें बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनीं आपल्या जहाजाबरोबरच जलसमाधि घेतली. त्या रात्रीं १८ अधिकारी व १७६ खलाशी प्राणांस मुकले. ‘खुकरी’ ही पाणबुडीविरोधी कामासाठींच बांधलेली नौका होती; परंतु ती ज्या जातीची होती त्या जातीच्या नौकांवर हेलिकॉप्टर ठेवण्याची सोयच नव्हती. हेलिकॉप्टर असतें तर काय झालें असतें, हें सांगण्याचा अधिकार कोणासच नाहीं. मात्र पाणबुडीशीं झुंजणाऱ्या नौकेला स्वतःपासून दूर जाणारे कान पाहिजेत, ही जाणीव त्या काळच्या सर्व आरमारांत दृढ होत होती, व मुंबईत पुढें जीं जहाजें बांधलीं गेलीं त्यांत ती स्पष्ट उमटलेली आहे.

मुंबईच्या माझगांव गोदींत १९७२ सालीं पुरी झालेली ‘निलगिरी’ ही फ्रिगेट लहान हेलिकॉप्टर घेऊन जात असे. त्याच मालिकेंतील शेवटच्या दोन नौका, १९८० सालची ‘तारागिरी’ व १९८१ सालची ‘विंध्यगिरी’, यांच्या आराखड्यांत मोठा फरक करून त्यांवर अवजड सी किंगसाठीं जागा काढण्यांत आली. सी किंगचा भार पूर्ण भरतीनिशीं साडेनऊ टनांच्या घरांत जातो. लहानशा चेतक हेलिकॉप्टराच्या चौपटीहून तो अधिक. एवढें धूड डुलत्या नौकेवर उतरवावयाचें, तर त्याला दोरानें खालीं ओढून धरून तक्त्यावर जखडणारी यंत्रणा लागते, व निवाऱ्याची खोली दुर्बिणीच्या नळीप्रमाणें आंत-बाहेर सरकणारी करावी लागते. या दोन नौकांवर तें साधण्यांत आलें. मग १० डिसेंबर १९८३ रोजीं ‘गोदावरी’ दाखल झाली. सुमारें ४१५ फूट लांबीच्या, चार हजार टनांहून कमी भाराच्या या नौकेवर एक सोडून दोन सी किंग हेलिकॉप्टरें राहूं शकत. महाराष्ट्रांतील नदीचें नांव धारण करणारी, महाराष्ट्रांतच बांधलेली ही नौका २०१५ च्या डिसेंबरपर्यंत सेवेंत होती.

आतां प्रश्न असा : ‘गोदावरी’ हेलिकॉप्टरें वाहून नेत होती, मग ती हेलिकॉप्टरवाहू नौका म्हणावयाची काय? जी हेलिकॉप्टर वाहते ती हेलिकॉप्टरवाहू, असें लक्षण केल्यास होय म्हणावें लागेल. आणि मग जगांतील बहुतेक सर्व फ्रिगेटी व विनाशिका त्याच वर्गांत येऊन पडतील. ही उघड अतिव्याप्ति होय. ‘गोदावरी’चीं मुख्य आयुधें क्षेपणास्त्रें, तोफा व जलास्त्रें हीं होतीं, हेलिकॉप्टरें हीं तिच्या डोळ्यांकानांचें व लांब हाताचें काम करीत. घोडेस्वाराच्या कमरेस खंजीर असतो म्हणून त्याला कोणी खंजीरवाला म्हणत नाहीं. २००७ सालीं अमेरिकेकडून घेतलेल्या ‘जलाश्व’ या नौकेचीहि गोष्ट तशीच. तिच्या मागील तक्त्यावर सहा हेलिकॉप्टरांची सोय आहे. परंतु तिचें मुख्य काम पोटांतील पाण्याच्या हौदांतून होड्या सोडून सैन्य किनाऱ्यावर उतरविणें हें आहे. म्हणून तिची गणना सैन्य उतरविणाऱ्या जहाजांतच होते.

यावर कोणी म्हणेल कीं, नाळेपासून वऱ्हामापर्यंत जिचा तक्ता सलग सपाट आहे ती हेलिकॉप्टरवाहू, असें म्हणावें म्हणजे झालें. परंतु या लक्षणास दोन्ही बाजूंनीं बाध येतो. फ्रान्सनें १९६४ सालीं दाखल केलेल्या ‘जान्-द-आर्क’ या जहाजाचा पुढील निम्मा भाग क्रूझरसारखा होता व मागील निम्म्यावरच हेलिकॉप्टरांचा तक्ता होता. तरी फ्रेंच लोक तिला हेलिकॉप्टरवाहूच म्हणत, व २०१० पर्यंत ती त्याच नांवानें वावरली. सलग तक्त्याचा नियम लावल्यास ती बाहेर राहते, ही अव्याप्ति. उलट १९८७ नंतरची ‘विराट’, जिच्या सलग तक्त्यावरून सी हॅरियर विमानें उडत, ती मात्र त्या वर्गांत घुसते. ही पुन्हां अतिव्याप्ति.

मग सरकार आपल्या जहाजास जें नांव देईल तेंच प्रमाण मानावें काय? येथें तर इतिहास फार सावध करतो. सोव्हिएट रशियानें काळ्या समुद्राच्या कांठीं निकोलायेव्ह येथें ‘मॉस्क्वा’ नांवाचें जहाज बांधून १९६७ सालीं दाखल केलें. त्याच्या मागील अर्ध्या भागावर रुंद तक्ता होता, त्यावर सुमारें चौदा हेलिकॉप्टरें राहत, व पुढील भागीं क्षेपणास्त्रें होतीं. त्याचें सरकारी नांव पाणबुडीविरोधी क्रूझर. पुढें ‘कीएव्ह’ व तिच्या बहिणी बांधल्या, त्यांवरून सरळ वर उडणारीं जेट विमानेंहि जात. त्यांना ‘विमानें नेणारी जड क्रूझर’ असें म्हणण्यांत आलें. माँत्र्योच्या तहानें विमानवाहू नौकांना बॉस्फोरस व दार्दानेल्स यांतून वाट ठेविलेली नव्हती, क्रूझरांना होती. १९७६ च्या जुलै महिन्यांत ‘कीएव्ह’ त्या सामुद्रधुनींतून निर्वेधपणें बाहेर पडली. नांव हेंच येथें परवानापत्र झालें. याच मालिकेंतील ‘बाकू’ हें जहाज पुढें ‘गोर्शकोव्ह’ म्हणून ओळखलें जाऊं लागलें. भारतानें तें घेतल्यावर त्याच्या पुढील भागावरचीं क्षेपणास्त्रें काढून तेथें चढण बांधण्यांत आली, व १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं तें ‘विक्रमादित्य’ या नांवानें, कोणताहि आडपडदा न ठेवतां विमानवाहू नौका म्हणून नौदलांत दाखल झालें. कारवार हें तिचें बंदर झालें.

जपानची तऱ्हा निराळी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्या देशाच्या राज्यघटनेनें युद्धाचा त्याग केला आहे, व आक्रमणास उपयोगी अशा विमानवाहू नौका बाळगावयाच्या नाहींत असें धोरण तेथील सरकारें पाळीत आलीं. १९७३ सालीं तीन हेलिकॉप्टरें नेणारी ‘हारुना’ आली, ती ‘हेलिकॉप्टर-विनाशिका’ म्हणून. विनाशिकेच्या पाठीवर तीन हेलिकॉप्टरें, म्हणजे नांव अगदीं यथार्थ. २००९ सालीं सलग तक्त्याची ‘ह्यूगा’ आली; नांव तेंच. २०१५ सालीं ८१४ फूट लांबीची ‘इझुमो’ आली, म्हणजे ‘विराट’हून लांब, तरीहि ती विनाशिकाच! २०१८ च्या डिसेंबरांत तिच्यावरून सरळ उतरणारीं जेट विमानें चालविण्याचा निर्णय झाला. त्यासाठीं काय करावें लागलें हें मननीय आहे. अशा विमानाचा झोत तक्त्यावर सरळ खालीं आदळतो, म्हणून तक्त्यास उष्णता सोसणारा लेप द्यावा लागला. व तिची बहीण ‘कागा’ हिचें निमुळतें पुढचें टोंक कापून चौकोनी करावें लागलें. २०२१ च्या ऑक्टोबरांत अमेरिकन विमान ‘इझुमो’वर उतरलें. नांव बदललें नव्हतें. लेप बदलला होता. जहाजाची जात नांवांत नसून लोखंडांत असते, हें याहून अधिक स्पष्ट कोणत्या उदाहरणानें होईल?

या सर्व उदाहरणांचा निचोड काढला असतां हेलिकॉप्टरवाहू जहाजाचीं चार लक्षणें हातीं लागतात. पहिलें, हेलिकॉप्टर हें त्याचें मुख्य आयुध असलें पाहिजे. इतर आयुधें केवळ संरक्षणापुरतीं अथवा दुय्यम. दुसरें, एकापेक्षां अधिक हेलिकॉप्टरें एकाच वेळीं उडविण्याची व उतरविण्याची त्याच्या तक्त्यावर जागा हवी. तिसरें, त्यांच्या निवाऱ्याची, दुरुस्तीची व इंधनाची सोय जहाजाच्या पोटांत हवी, कारण नुसतें उतरून घेणें म्हणजे बाळगणें नव्हे. आणि चौथें, पंखांवर उडणारीं लढाऊ विमानें नियमानें चालविण्याचीं साधनें त्यावर नसावीं; तीं असल्यास तें विमानवाहू होय, मग त्यावर हेलिकॉप्टरें कितीहि असोत. या चौकटींत ‘इवो जिमा’ बसतें, ‘जान्-द-आर्क’ बसतें, १९९८ ते २०१८ पर्यंत ब्रिटिश आरमारांत असलेलें व पुढें ब्राझीलनें घेतलेलें ‘ओशन’ हें नवें जहाजहि बसतें. ‘गोदावरी’ व ‘जलाश्व’ बाहेर राहतात, आणि ‘विक्रमादित्य’हि बाहेर राहते.

फ्रान्सच्या ‘मिस्त्राल’ जातीच्या जहाजांविषयीं मात्र एक शेरा अवश्य आहे. त्यांच्या पोटांत होड्यांचा हौदहि आहे, सलग तक्ताहि आहे, व इस्पितळहि आहे. रशियासाठीं बांधलेलीं अशीं दोन जहाजें क्रिमियाच्या प्रकरणामुळें फ्रान्सनें २०१५ सालीं दिलीं नाहींत, व तीं २०१६ सालीं इजिप्तकडे गेलीं. फ्रेंचांनीं प्रथम त्यांस वेगळें नांव दिलें होतें. २०१९ पासून ते त्यांना सैन्य उतरविणारीं हेलिकॉप्टरवाहू जहाजें म्हणतात. दोन जातींच्या सीमेवर उभें राहणारें असें उदाहरण प्रत्येक वर्गवारींत असतेंच. सीमेवरचें एक गांव वादांत असलें म्हणून दोन्ही मुलूख खोटे ठरत नाहींत.

या चार कसोट्या घेऊन पुन्हां ‘विराट’कडे पाहिलें म्हणजे आरंभींचा गोंधळ निवळतो. १९५९ सालीं तिच्यावर फेंकण्याचीं यंत्रें व तारा होत्या, ती विमानवाहू. १९७३ ते १९८० पर्यंत तीं साधनें नव्हतीं, कमांडो व सी किंग हेंच तिचें बळ होतें. ती खरी हेलिकॉप्टरवाहू. १९८१ नंतर चढण व हॅरियर आलीं. ती पुन्हां विमानवाहू, आणि त्याच रूपांत १९८२ सालच्या फॉकलंडच्या युद्धांत ती ब्रिटिश आरमाराची ध्वजनौका झाली. भारतांत आल्यावर तिनें गोव्याच्या हंसा तळावरील सी हॅरियर विमानांचें घर म्हणून आपलें नांव सार्थ केलें. २०१६ च्या मे महिन्यांत तीं विमानें निवृत्त झालीं, त्यानंतरच्या थोड्या महिन्यांत तिच्यासाठीं उरलीं तीं हेलिकॉप्टरेंच. कागदावर ती शेवटपर्यंत विमानवाहू राहिली. परंतु निव्वळ हेलिकॉप्टरवाहू म्हणावें असें जें जहाज भारतीय नौदलानें कधीं मुद्दाम बांधलें अथवा घेतलें नाहीं, त्याच्या अगदीं जवळची अवस्था म्हातारपणीं तिलाच प्राप्त झाली.

६ मार्च २०१७ रोजीं मुंबईत ती सेवानिवृत्त झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत निवतीच्या समुद्रांत तिचें संग्रहालय करण्याची योजना महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं मंजूर केली होती. ती सिद्धीस गेली नाहीं. २०२० च्या सप्टेंबरांत तिला ओढून मुंबईहून अलंगला नेलें, व तेथें ती मोडण्यांत आली. तिच्याआधींची पहिली ‘विक्रांत’, जिच्या विमानांनीं १९७१ सालीं चितगांव व कॉक्सबझार यांवर हल्ले केले होते, तीहि मुंबईत कांहीं वर्षें संग्रहालय म्हणून राहून २०१४ सालीं भंगारांत गेली. २ सप्टेंबर २०२२ रोजीं कोची येथें नवी ‘विक्रांत’ दाखल झाली, व त्याच दिवशीं नौदलास जें नवें निशाण मिळालें त्यावरील अष्टकोनाची प्रेरणा शिवाजीमहाराजांच्या राजमुद्रेपासून घेतलेली आहे.

अमात्यांच्या काळापासून आजतागाईत आरमारी शहाणपणाचें सूत्र फारसें बदललेलें नाहीं. जहाजाची थोरवी त्याच्या आकारांत नाहीं आणि नांवांत तर नाहींच नाहीं. ज्या कामास तें पाठविलें तें काम त्याच्या तक्त्यावरून, पोटांतून व खलाशांच्या हातून पार पडतें किंवा नाहीं, यांत ती आहे. नवें जहाज घेण्याची वार्ता वर्तमानपत्रांत येते तेव्हां त्याचें नांव व किंमत वाचून सुजाण नागरिकानें थांबूं नये. त्याच्यावरून काय उडतें, तें परत उतरूं शकतें काय, रात्रीं त्याच्या निवाऱ्याची सोय आहे काय, व सोबतच्या नौकांना त्याचा आधार कसा मिळतो, एवढे चार साधे प्रश्न विचारावे. यांचीं उत्तरें मिळालीं कीं जहाजाची जात आपोआप कळते. आणि हे प्रश्न निष्फळ आहेत असें ज्यास वाटेल, त्यानें दीवच्या किनाऱ्यावरील ‘खुकरी’च्या स्मारकापाशीं क्षणभर उभें राहावें. त्या रात्रीं परत न आलेल्या १९४ जणांच्या दृष्टीनें, आपलें जहाज काय काय करूं शकतें हा प्रश्न शब्दांचा नव्हता.